पहिला गिअर

१२ फेब्रुवारी, रविवार

दादाची गाडी आज वर्कशॉपमध्ये आली. चार जणांनी ढकलत आणली आणि मी दारातून हात घालून स्टिअरिंग सांभाळलं. मागे उभं राहून ढकलायला मी धजलो नाही. कमरेचं निमित्त आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

ही वही खरं तर कामाची. कुठला नट कुठून काढला, कुठला वॉशर कशाखाली होता, ते टिपायला नवी घेतली. मी लेथवाला. पंपाचे शाफ्ट, पुली, बुश हे माझं रोजचं काम. गिअर खोलणं माझ्या धंद्यात बसत नाही, पण खोलणार आहे. दादाला जाऊन पाच महिने झाले आणि अजून एकाही माणसाने हे यंत्र उघडून पाहिलेलं नाही. तपासाला आलेल्या साहेबाने गाडी मागे गेली म्हणजे रिव्हर्स पडला असं लिहिलं, पुढे ‘चालकाची चूक’ जोडलं आणि वहिनींची सही घेऊन गेला.

काय झालं ते एकदाच लिहितो. सप्टेंबरातली सकाळ. गाडी गॅरेजमध्ये, तोंड बाहेरच्या बाजूला. दादाला मागच्या भिंतीच्या कपाटातून डबा काढायचा होता आणि गाडीमुळे कपाटाचं दार उघडत नव्हतं. त्याचे हात ग्रीसने भरलेले. सीट खराब होईल म्हणून तो स्वतः बसला नाही. वहिनींना म्हणाला, दोन फूट पुढे घे. त्यांनी ती गाडी त्याआधी कधी चालवली नव्हती. कुणीच चालवली नव्हती. दोन सीटची ती जुनी स्पोर्ट्स कार त्याने सहा वर्षं खपून भंगारातून उभी केली होती आणि कुणाला हात लावू देत नसे. वहिनी बसल्या, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी पुढे न जाता मागे गेली. मागे दादा होता आणि दादाच्या मागे भिंत.

दवाखान्यात वहिनी एकच वाक्य बोलत होत्या, मी पहिलाच टाकला होता, बघून टाकला होता. संध्याकाळपर्यंत ते वाक्य बंद झालं. तेव्हापासून कुणीही विचारलं तरी म्हणतात, चुकलं माझं. हे का बदललं, ते मला समजत नाही. बहुधा लोकांनी सांगून सांगून पटवलं असावं.

आई माझ्याकडे, वर्कशॉपच्या वरच्या खोल्यांत राहते. ती वहिनींशी बोलत नाही. वहिनी दर रविवारी तिची औषधं आणतात, पायरीवर पिशवी ठेवतात आणि बेल वाजवून खाली जातात. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. आई एकदा म्हणाली, दिवसभर लोकांकडून आकडे वाचून घेते आणि स्वतःला एक आकडा वाचता आला नाही.

मी तिला म्हटलं, यंत्राची चूक असेल तर? आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं. म्हणाली, रीत दाखव. पटली तर मी स्वतः जाऊन तिला घरी घेऊन येईन.

म्हणून ही गाडी. वहिनी तर ती भंगारात द्यायला निघाल्या होत्या.

एक नोंद. गिअरच्या दांड्यावरचा नॉब नाही, नुसते आटे दिसतात. दादाच्या पन्नाशीला मी तो पितळेचा करून दिला होता, वर गिअरचा नकाशा कोरून. मधल्या काळात कुणीतरी लांबवला. पितळ दिसलं की लोकांचे हात वळवळतात.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी लेथ बंद ठेवून गाडीत बसलो. सीट दादाच्या पायांच्या मापाने मागे आहे. माझे पाय क्लचपर्यंत पुरत नाहीत. सीट पुढे ओढायची खिटी हाताला लागली, पण ओढवेना. शेवटी पाठीमागे एक फळी ठेवली आणि कडेला टेकून बसलो.

आरसाही त्याच्याच मापाचा. त्यात मला मागची भिंत आणि तिच्यावर टांगलेले पट्टे दिसतात. पट्ट्यांच्या मधे कुणी उभं आहे असं वाटलं. उतरून पाहिलं, माझाच कामाचा कोट. तो काढून दुसरीकडे टांगला. परत बसलो तरी आरशात बघायचं टाळलं, आणि शेवटी आरसा छताकडे वळवून ठेवला.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आहेत. इंजिन बंद, बॅटरी मेलेली, तरी लावले आहेत. गाडीच्या मागून जायची वेळ आली तर मी पुढून वळसा घालतो.

संध्याकाळी सायलेन्सर डोकावला. गिअरबॉक्सचा मेकॅनिक, दादाचा जुना दोस्त. त्याला सायलेन्सर म्हणतात, कारण देवाने तो त्याला बसवलेलाच नाही. आल्या आल्या सुरू झाला. ‘‘लेथवाल्याने गिअर खोलायचा म्हणजे न्हाव्याने दाढ काढायची. मी देतो ना करून.’’

मी म्हटलं, नको, मलाच करायचंय.

‘‘कर बाबा. पण खोलताना खुणा कर. दांड्याची पुढची बाजू कुठली ते पंचने मारून ठेव. नाहीतर उलटा बसवशील आणि मला शिव्या देशील.’’ मग मला हवा असलेला दहाचा पाना माझ्याच खिशातून काढून हातात दिला. ‘‘काखेत कळसा,’’ म्हणाला आणि गेला.

१५ फेब्रुवारी, बुधवार

चामड्याचं आवरण काढलं. चार स्क्रू, एक गंजलेला. खाली रबराचा पडदा, तो कडेला चिरलेला. त्याखाली बैठक, चार बोल्ट, मग सर्क्लिप, म्हणजे दांडा जागेवर धरणारी कडी. दांडा आणि बैठक दोघांवर समोरच्या बाजूला पंचने एकेक टिंब मारलं. उद्या दांडा उचलायचा.

दादाची एक सवय होती. गाडी सुरू करायच्या आधी दांडा डावीकडे-उजवीकडे दोनदा हलवायचा, न्यूट्रल आहे ना ते बघायला. टक, टक. आज लेथवर होतो तेव्हा तो आवाज आला. लेथ बंद केला. पुन्हा आला नाही. मी गाडीपाशी गेलो आणि काही न सुचून दोनदा दांडा हलवला. आता दिवसभर माझाच हात तिकडे जातो.

१९ फेब्रुवारी, रविवार

वहिनी आल्या. पिशवी पायरीवर ठेवून, बेल वाजवून खाली उतरल्या, आणि मी वर्कशॉपच्या दारात उभा. आत बोलावलं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाकावर गिअरचा दांडा कपड्यात गुंडाळून ठेवला होता, तो कपडा बघत राहिल्या.

‘‘भाऊजी, हे कशाला उघडलंत?’’

‘‘चूक कुठे झाली ते बघायला. तुमची नव्हती, मला खात्री आहे. तुम्हीच म्हणत होतात ना, पहिला टाकला होता म्हणून?’’

‘‘तेव्हा मी काय बोलत होते ते मलाच ठाऊक नव्हतं. घाई केली, चुकलं. विषय संपला. तुम्ही ती गाडी विकून टाका. माझं ऐका.’’

‘‘आई तुम्हाला घरात घेत नाही, ते चालतंय तुम्हाला?’’

‘‘चालतंय,’’ म्हणाल्या. इतक्या पटकन की मला रागच आला. माणसाने असं हातपाय गाळून बसू नये. मी त्यांच्यासाठी दुपारच्या दुपार घालवतोय आणि त्या कानांवर हात ठेवून मोकळ्या.

जाता जाता विचारलं, ‘‘नॉब कुठे गेला, काही कल्पना?’’ त्या म्हणाल्या, नाही. मग रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं नाही. एका सायकलवाल्याने ओरडून ब्रेक दाबला.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सगळं डिझेलमध्ये धुतलं. जुनं ग्रीस मधासारखं घट्ट झालेलं. दांड्याच्या खालच्या गोळ्याला धरणारी नायलॉनची वाटी तडकली आहे. अगदी मधोमध, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. बोट फिरवलं तर नख अडकतं.

सापडलं. हेच. मी बराच वेळ ती वाटी हातात घेऊन बसलो होतो. डोळे भरून आले हे लिहायला हरकत नाही, वही माझी आहे.

त्या आनंदात लगेच नवा नॉब करायला घेतला. पन्नास मिलिमीटरचा पितळी रॉड, आधीच्याच मापाने. पहिला करताना दोन आठवडे गेले होते, आता हाताला वळण आहे. घासून आरशासारखा केला. वर नकाशा कोरला. मधे आडवी रेघ, तिच्यावर तीन उभ्या. डावीकडे वर एक, खाली दोन, मधे वर तीन, खाली चार, उजवीकडे वर पाच, खाली आर. खोबणीत काळा रंग भरला. आकडे पहिल्यापेक्षाही सुबक आलेत. दादाने तो हातात घेऊन दहा वेळा फिरवला असता. पहिला दिला तेव्हा तो किती तरी वेळ नुसता बघत बसला होता आणि मग मोठ्याने हसला होता. इतका आवडला होता त्याला.

२६ फेब्रुवारी, रविवार

आईला वाटी दाखवली. चष्मा लावून तिने ती उजेडात धरली.

‘‘तडकलीय खरी. म्हणजे काय झालं असेल?’’

‘‘दांडा सैल झाला. टाकला एक आणि पडला दुसरा.’’

‘‘किती सैल?’’

मी म्हटलं, बराच. तिने वाटी परत दिली. ‘‘पुढे जायचा गिअर टाकला आणि मागे जायचा पडला, इतका सैल? तुझा तुला पटतोय का हिशेब?’’

‘‘पटतोय,’’ म्हणालो.

मोजून पाहिलं आहे. वरच्या टोकाला तीन मिलिमीटरचा खेळ आहे. एका गिअरपासून दुसऱ्यापर्यंत दांडा त्याच्या वीसपट तरी फिरतो. तीन मिलिमीटरने गाडी घरघरेल, गिअर अडकेल, पण पुढची मागे होणार नाही. आईला तीन मिलिमीटर सांगितले नाहीत. दुसरं काहीतरी असणार. स्प्रिंग असेल. आतला, गिअर सरकवणारा काटा झिजला असेल. सगळं नवं बसवून, चालवून, मग आईला समोर उभं करून दाखवायचं ठरवलं आहे. काय दाखवणार ते अजून मलाच माहीत नाही.

वहिनी आल्या तेव्हा मी बाकापाशीच होतो. आज त्या आपण होऊन आत आल्या आणि नवा नॉब पाहिला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. हातात घेऊन आकड्यांवरून अंगठा फिरवला, आंधळं माणूस फिरवतं तसा.

‘‘पुन्हा केलात?’’

‘‘पहिला चोरीला गेला ना. जसाच्या तसा केलाय.’’

‘‘हा मला द्या, भाऊजी.’’

मी म्हटलं, गाडीला लावायचाय. पण त्यांनी तो आधीच पर्समध्ये टाकला होता. ‘‘आठवण म्हणून,’’ म्हणाल्या. पर्सची चेन ओढून लावली. आता आठवण म्हणून मागितलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? दादा गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी आणखी एक करीन.

३ मार्च, शुक्रवार

नवी वाटी नायलॉनच्या रॉडमधून काढली, गोळ्याभोवती हवी तितकीच फट ठेवून. खालच्या टोकाचा बुशही बदलला. स्प्रिंग तपासली, शाबूत आहे. काटा शाबूत आहे. टिंबासमोर टिंब लावून दांडा बसवला, सर्क्लिप चढवली, बोल्ट कसले. दांडा आता लोण्यातून फिरतो. डावीकडे नेताना तेवढी स्प्रिंग अडवते, तिथे जोर लावावा लागतो.

आज दादा अगदी जवळ असल्यासारखा वाटला. पाठीमागच्या फळीला कुणीतरी बाहेरून टेकलंय, असं. मी वळलो नाही. म्हटलं, झालंच तुझं काम.

५ मार्च, रविवार

शटर उघडं ठेवलं. मागची चाकं जॅकने उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या. चाकं अधांतरी, म्हणजे गाडी कुठेच जाणार नाही. माझ्या व्हॅनची बॅटरी जोडली. चौथ्या प्रयत्नात इंजिन धरलं. तो आवाज ऐकून वर आईने खिडकी बंद केली.

क्लच दाबला. दांडा डावीकडे, जोर लावून, वर. पहिला. हळूहळू क्लच सोडला.

चाकं कुठल्या बाजूला फिरतात ते मला सीटवरून दिसत नव्हतं. व्हॅनच्या बाजूचा मोठा आरसा मी भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यात पाहिलं. चाक उलटं फिरत होतं. मागे.

क्लच दाबला, न्यूट्रल केला, पुन्हा डावीकडे वर टाकला. मागे. आणखी एकदा. मागे. डावीकडे खाली, म्हणजे दुसरा, टाकला. चाक पुढे फिरायला लागलं.

मी इंजिन बंद केलं. चाक थांबायला बराच वेळ लागला. बसवताना माझ्याकडूनच काहीतरी उलटं झालंय. टिंब चुकीच्या बाजूला मारलं असणार. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सायलेन्सरचं ऐकायला हवं होतं. उद्या पुन्हा खोलतो.

वहिनींची पिशवी आज पायरीवर दिसली. त्या कधी आल्या आणि गेल्या, कळलंच नाही. इंजिनाचा आवाज रस्त्यापर्यंत जात असणार.

६ मार्च, सोमवार

गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून सकाळी दांडा पुन्हा काढला. टिंब बरोबर आहेत. समोरासमोर. दांडा खाली थोडा वाकडा आहे, तो उलटा बसूच शकत नाही. पुन्हा बसवला, पुन्हा सुरू केला. डावीकडे वर, मागे. पुन्हा काढला. दुपारी तिसऱ्यांदा. जेवलो नाही. बोटांची कातडी डिझेलने पांढरी पडली आहे.

चार वाजता सायलेन्सरला फोन केला. तो आला, बोलत बोलतच आत शिरला, दांडा हातात धरला, दोन-चारदा फिरवला.

‘‘मस्त केलंस की रे. हे तर नव्यासारखं झालंय.’’

‘‘पहिला टाकला की मागे जातेय.’’

‘‘कुठे टाकलास पहिला?’’

मी दाखवलं. तो हसला. ‘‘अरे, हिचा पहिला खाली असतो. डावीकडे खाली. वर रिव्हर्स. शर्यतीच्या जुन्या गाड्यांची ही पद्धतच आहे. तुझं काही चुकलेलं नाही, सगळं जिथल्या तिथे आहे.’’ आणि पुढेही बोलतच राहिला. ‘‘तुझा दादा तो पितळी नॉब घेऊन आला होता ना माझ्याकडे, हसून हसून पुरेवाट. म्हणे, धाकट्याने स्वतःच्या व्हॅनचा नकाशा कोरलाय, माझी गाडीच उलटी करून टाकली. मी म्हटलं, दे परत, दुसरा करून देईल. तर म्हणे, नको रे, दोन आठवडे जेवणखाण सोडून बसला होता, वाईट वाटेल त्याला. मला कुठे बघून गिअर टाकायचाय? म्हटलं, निदान आकडे तरी घासून…’’

तिथे सायलेन्सर थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला गप्प झालेलं पाहिलं. मग हातातला दांडा सोडून तो निघून गेला.

७ मार्च, मंगळवार

त्यांनी बघून टाकला होता.

९ मार्च, गुरुवार

काल काही लिहिलं नाही. लेथ लावला आणि बंद केला.

आज संध्याकाळी वहिनींकडे गेलो. त्या दुकानातून नुकत्याच आल्या होत्या, अजून गळ्यात ओळखपत्र होतं. मी दारातच म्हणालो, ‘‘वहिनी, तुम्ही बरोबर टाकला होता.’’

त्या म्हणाल्या, ‘‘बसा.’’

पाणी आणून दिलं. मग आतून चष्म्याची दोन घरं आणली आणि टेबलावर ठेवली. काचा पुसायच्या मऊ कापडात गुंडाळलेले दोन नॉब. पहिल्यावर आकड्यांचा रंग थोडा उडाला होता, तेवढाच दोघांत फरक.

‘‘कधी कळलं?’’

‘‘त्याच दिवशी. दवाखान्यातून घरी कपडे घ्यायला आले. लोकांनी गाडी पुढे ढकलून ठेवली होती. मी आत बसले. पुन्हा तसंच सगळं करून पाहिलं, इंजिन न लावता. एक होता तिथेच दांडा गेला. मग यांचं बोलणं आठवलं. धाकट्याने गाडी उलटी करून दिली, असं म्हणून हसायचे. मला वाटायचं, इंजिनातलं काही असेल. कोण विचारत बसतंय.’’

‘‘आणि तुम्ही हा काढून घेतलात.’’

‘‘फिरवला, निघाला. पर्समध्ये टाकला. साहेब दुसऱ्या दिवशी आला, त्याला सांगितलं, चुकलं माझं.’’

‘‘का?’’ मी विचारलं. माझा आवाज चढला होता. ज्याने रडायला हवं तोच ओरडत होता.

त्या काही वेळ ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. ‘‘तुम्ही दवाखान्याच्या जिन्यात बसला होतात, भाऊजी. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. तुम्हाला काय सांगायचं होतं मी? आणि आईंचा एक मुलगा गेला. म्हटलं, दुसरा तरी राहू दे त्यांना. मी काय, परक्या घरची. माझ्याशी बोलणं टाकलं तर मी इथे राहीन. तुम्ही कुठे जाल?’’

मग म्हणाल्या, ‘‘आईंना सांगू नका. मला वचन द्या.’’ मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पाणी प्यालो आणि निघालो. दार लावून घेताना त्यांनी विचारलं, जेवलात का.

१० मार्च, शुक्रवार

खरं लिहायचं तर काल रात्री मला गाढ झोप लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी उठून त्याची लाज वाटली. पण झोप लागली, कारण वहिनींनी सांगितलं होतं, सांगू नका. दुसऱ्याने दिलेली परवानगी किती मऊ असते. पाच महिने मी त्यांच्या गप्प राहण्यावर काढले, नकळत. आता कळून आणखी वीस वर्षं काढता येतील. कुणाला कळणार आहे? सायलेन्सर बोलणार नाही, ते मी त्याच्या तोंडावरच पाहिलं.

जेवताना आईने विचारलं, झालं का तुझं यंत्र? मी म्हटलं, दुरुस्त झालं. ‘‘मग? कुणाची चूक निघाली?’’ मी घास चावत राहिलो. ती म्हणाली, ‘‘वाटलंच. तिचीच.’’ आणि मी मान हलवली. हो म्हणून नव्हे. पण नाही म्हणूनही नव्हे. आईने ती हो अशी वाचली आणि मी वाचू दिली.

दुपारी आवाज आला. टक, टक. मी गाडीपाशी गेलो. आरसा छताकडे वळवलेला होता, तो पहिल्यांदाच खाली घेतला आणि त्यात पाहिलं. मागे भिंत होती. पट्टे होते. दादा नव्हता, आणि तो नसणं हे त्या दिवशी दिसलेल्या कोटापेक्षा भयंकर होतं. तो उभा असता तर मी त्याला विचारलं असतं, लेका, मला वाईट वाटेल म्हणून? एवढ्यासाठी?

१२ मार्च, रविवार

सकाळी आईसमोर दोन कागद ठेवले. एकावर दादाच्या गाडीचा नकाशा, दुसऱ्यावर मी कोरलेला. ती आधी काही समजली नाही. मी रीत दाखवली. कुठे एक, कुठे रिव्हर्स, वहिनींनी काय वाचलं, काय टाकलं. दादाला ठाऊक असून त्याने का सांगितलं नाही. वहिनींना त्याच दिवशी कळलं होतं. सगळं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

आईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तपासले, पेपर तपासायची तशी, वरून खाली.

‘‘यातला तुझा कुठला?’’

मी बोट ठेवलं.

‘‘आणि तिने हाच वाचला.’’

‘‘हो.’’

‘‘बरोबर वाचला.’’

‘‘हो, आई.’’

तिने चष्मा काढला. तो दोन्ही कागदांवर ठेवला. मला वाटलं रडेल, ओरडेल, कागद फाडेल. मी तिच्या पायांशी बसलो तर तिने पाय थोडे मागे घेतले. फार नाही, वीतभर.

‘‘तिला फोन लाव,’’ म्हणाली. मी लावला आणि फोन पुढे केला. आईने तो कानाला लावला आणि फक्त म्हणाली, ‘‘ये. औषधं राहू दे, तू ये.’’

वहिनी अर्ध्या तासात आल्या. बेल वाजली तेव्हा आई स्वतः उठली, भिंत धरत दारापर्यंत गेली आणि कडी काढली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या काय झालं ते लगेच समजल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. माझ्यासाठी भीती होती. आईने त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तू खाली जा. मी बोलावल्याशिवाय वर येऊ नकोस.’’

आता दुपारचा एक वाजला आहे. मी वर्कशॉपमध्ये बाकावर बसून हे लिहितोय. वरून आवाज येतात. आधी नुसता आईचा, मग दोघींचा, मग कुणीतरी खूप वेळ रडत होतं, कोण ते भिंतीतून ओळखू येत नाही. आत्ता भांड्यांचा आवाज आला. ताटं मांडली. मी मोजली, दोनच ताटं वाजली.

आईने अजून बोलावलेलं नाही.